प्रथिन-सक्रियक एंझाइमे

पेशीत निष्क्रिय अवस्थेत तयार झालेल्या प्रथिनाला ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी कामाला लावणारी एंझाइमे. ट्रिप्सिन, थ्रॉम्बिन, फ्युरिन आणि कॅस्पेज ही त्यांची परिचित उदाहरणे. अन्न पचणे, रक्त गोठणे, संप्रेरके तयार होणे, निकामी पेशींचा शिस्तीत अंत होणे ही कामे त्यांच्यावाचून होत नाहीत. स्वादुपिंडदाह, मधुमेह, हृदयविकार, सर्पदंश, विषाणूजन्य आजार आणि कर्करोग यांच्या संशोधनात ही एंझाइमे वारंवार समोर येतात. या आजारांत पुष्कळदा प्रथिन निर्दोष असते. ते भलत्या जागी, भलत्या वेळी जागे होते किंवा जागेच होत नाही.

प्रथिनाची साखळी पेशीतल्या रायबोसोमवर गुंफली जाते. या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांतले वेंकी रामकृष्णन बडोद्यात वाढले आणि १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. त्यांचे वडील सी. व्ही. रामकृष्णन १९५५ मध्ये याच विद्यापीठात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा घेण्यासाठी आले होते. साखळी कशी गुंफली जाते हे रायबोसोमवरून कळते. पण गुंफून झालेली साखळी लगेच उपयोगाची असतेच असे नाही, आणि ती उपयोगाची कशी होते हा या नोंदीचा विषय.

सक्रियतेच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एकीत साखळीचा छोटा तुकडा कापून टाकला जातो. तो तुकडा म्यानासारखा असतो. तो गेला की एंझाइमचे कार्यस्थान उघडे पडते किंवा आकार घेते. दुसऱ्या तऱ्हेत प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडला जातो आणि हे काम कायनेज नावाची एंझाइमे करतात. ग्लायकोजेन (शरीरातली साठवलेली साखर) फोडणारे फॉस्फोरिलेज अशा प्रकारे जागे होते हे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५५ च्या सुमारास दाखवले. त्यासाठी त्यांना १९९२ मध्ये नोबेल मिळाले. जोडलेला फॉस्फेट काढता येतो, कापलेली साखळी मात्र पुन्हा सांधता येत नाही. म्हणून कापून जागी होणारी प्रथिने जिथे जिथे आहेत तिथे शरीराने त्यांना आवरणारी प्रथिनेही ठेवली आहेत. आजार समजून घेताना या आवरणाऱ्या प्रथिनांकडे सक्रियकांइतकेच लक्ष द्यावे लागते.

पचनसंस्था

या विषयाची सुरुवात पचनाच्या अभ्यासातून झाली. इवान पाव्हलोव्ह यांच्या सेंट पीटर्सबर्गमधील प्रयोगशाळेत शेपोवाल्निकोव्ह यांना १८९९ मध्ये दिसले की स्वादुपिंडाच्या रसात आतड्याचा रस मिसळला तर त्याची प्रथिने पचवण्याची ताकद एकदम वाढते. आतड्याच्या रसातल्या त्या घटकाला आज एंटेरोपेप्टिडेज म्हणतात. पाव्हलोव्ह त्याला एंझाइमांचे एंझाइम म्हणत, आणि ते वर्णन आजही चपखल बसते.

बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात खाल्लेल्या शेव-उसळीचे उदाहरण घेऊ. वाटाण्यातले प्रथिन जठरात पोचते तेव्हा तिथल्या आम्लामुळे पेप्सिनोजेन स्वतःच स्वतःला कापून पेप्सिन बनते. पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाकडून ट्रिप्सिनोजेन येते. आतड्याच्या अस्तरावर बसलेले एंटेरोपेप्टिडेज त्याचा टोकाचा लहानसा तुकडा तोडते आणि ट्रिप्सिन तयार होते. मग हे ट्रिप्सिन कायमोट्रिप्सिनोजेन, प्रोइलॅस्टेज, प्रोकार्बॉक्सिपेप्टिडेज या बाकीच्या सगळ्यांना जागे करते. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. ती शिजवल्यावर बऱ्याच अंशी निकामी होतात. उसळ चांगली शिजवून घ्यावी या घरच्या सांगण्याला असा पक्का आधार आहे.

काही बालकांत एंटेरोपेप्टिडेज जन्मतःच नसते. हा विकार फार विरळा असून त्याचे पहिले वर्णन १९६९ मध्ये झाले. अशा मुलाचे स्वादुपिंड उत्तम असते, ट्रिप्सिनोजेनही भरपूर असते, तरी खाल्लेले प्रथिन अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, अंगावर सूज येते. स्वादुपिंडाची तयार एंझाइमे तोंडावाटे दिली की ते सुधारते.

उलट बाजू अधिक भीषण आहे. ट्रिप्सिन स्वादुपिंडातच जागे झाले तर ते अवयव आतून पचवू लागते. प्रागमधील हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच असा तर्क मांडला होता. आनुवंशिक स्वादुपिंडदाहाच्या कुटुंबांत ट्रिप्सिनोजेनच्या जनुकात, १२२ व्या ॲमिनो अम्लाच्या (प्रथिन-साखळीतल्या दुव्याच्या) जागी, बदल असल्याचे १९९६ मध्ये सापडले. याच जागी कापून ट्रिप्सिन नष्ट होत असते. बदलामुळे ते कापणे थांबते आणि चुकून जागे झालेले ट्रिप्सिन टिकून राहते. भारतात तरुण वयात होणारा, खडे आणि मधुमेह सोबत आणणारा उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाह पूर्वी टॅपिओका खाण्याशी जोडला जाई. हैदराबाद आणि लखनौ येथील गटांनी २००२ मध्ये दाखवले की अशा अनेक रुग्णांत ट्रिप्सिनला आवरणाऱ्या स्पिंक-१ या प्रथिनाच्या जनुकात बदल असतो. रोगाचे मूळ जागे होण्यात जितके असते तितकेच न आवरले जाण्यात असते, याचा हा भारतातून आलेला ठोस पुरावा आहे. मात्र ट्रिप्सिनला रोखणारे ॲप्रोटिनिन हे औषध तीव्र स्वादुपिंडदाहात देऊन पाहिले तेव्हा त्याचा उपयोग झाला नाही. पोटात कळ येऊन रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत आतली साखळी प्रक्रिया फार पुढे गेलेली असते.

रक्त आणि सापाचे विष

रक्त गोठणे म्हणजे सक्रियतेची माळच. एक घटक दुसऱ्याला कापतो, दुसरा तिसऱ्याला. या घटकांना क्रमांक दिलेले आहेत. घटक दहा जागा झाला की तो प्रोथ्रॉम्बिनचे थ्रॉम्बिन करतो आणि थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे करते. या माळेत बाहेरून हात घालणारी एंझाइमे घोणस आणि फुरसे यांच्या विषात असतात. घोणशीला गुजरातीत खडचितरो म्हणतात. तिच्या विषातली एंझाइमे घटक दहा आणि घटक पाच यांना थेट जागे करतात. फुरशाच्या विषातले एकारिन तर मधल्या पायऱ्या गाळून सरळ प्रोथ्रॉम्बिनवर काम करते. रक्तात जागोजागी सूक्ष्म गाठी होतात, त्यांत फायब्रिनोजेन संपून जाते आणि मग उरलेले रक्त गोठतच नाही. गोठवणाऱ्या विषाने माणूस रक्तस्रावाने का दगावतो, याचे उत्तर हे आहे.

बडोद्याच्या सर सयाजीराव जनरल रुग्णालयासारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत मध्य गुजरातेतल्या खेड्यांतून शेतकरी व शेतमजूर उपचारांना येतात. त्यांना ही माहिती उपयोगी पडावी. विषबाधा ओळखण्याची एक चाचणी फार सोपी आहे. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करायची. रक्त पातळच राहिले असेल तर विष चढले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष हाच उपचार. घट्ट दोरी बांधणे, चीर देणे, मंत्र-तंत्र यांत वेळ घालवू नये.

हीच विषे संशोधकांच्या हाती उपकरण बनली. मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ मध्ये हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात विकाराच्या) रुग्णांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी घोणशीचे विरल विष जखमेवर लावून पाहिले. आज वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा कारण नसताना रक्ताच्या गाठी होणाऱ्या रुग्णांत ल्युपस अँटीकोॲग्युलंट हे गाठींना कारण होणारे प्रतिपिंड शोधण्यासाठी जी तपासणी करतात, तीत घोणशीचेच विरल विष वापरतात. एकारिन वापरून डॅबिगॅट्रान या थ्रॉम्बिनरोधक औषधाचा परिणाम मोजता येतो. घोणस ज्या घटक दहाला जागे करते, त्यालाच रिव्हारोक्सॅबॅन आणि अपिक्सॅबॅन ही औषधे अडवतात.

झालेली गाठ विरघळवण्यासाठीही सक्रियकच लागतो. रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचे प्लाझ्मिन झाले की फायब्रिनचे धागे तुटतात. हृदयविकाराच्या झटक्यात दिले जाणारे स्ट्रेप्टोकायनेज प्लाझ्मिनोजेनला चिकटून हे घडवते. त्यात मिनिटांनाही मोल असते.

इन्शुलिन आणि सी-पेप्टाइड

शिकागोचे डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये दाखवले की इन्शुलिन आधी प्रोइन्शुलिन या एकाच साखळीच्या रूपात तयार होते. ती ८६ ॲमिनो अम्लांची असते. स्वादुपिंडातल्या बीटा पेशींच्या कणिकांत कन्व्हर्टेज एंझाइमे तिला दोन जागी कापतात. ५१ ॲमिनो अम्लांचे इन्शुलिन सुटते आणि ३१ अम्लांचे सी-पेप्टाइड बाजूला होते. दोन्ही सारख्याच संख्येने रक्तात उतरतात. बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते, त्यामुळे इंजेक्शन घेणाऱ्या माणसाचे स्वतःचे स्वादुपिंड किती इन्शुलिन करते ते सी-पेप्टाइडच्या तपासणीने कळते. बडोद्याच्या मराठी घरांत मधुमेहाच्या फाइलीत हा रिपोर्ट असतो आणि बहुतेकदा तो न समजताच ठेवलेला असतो. आपल्या आईच्या किंवा काकांच्या रिपोर्टवरचा हा आकडा काय सांगतो, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.

टाइप २ मधुमेहात थकलेल्या बीटा पेशींतून पुरते न कापलेले प्रोइन्शुलिनही जास्त प्रमाणात बाहेर पडते. कन्व्हर्टेजचे जनुक मुळातच बिघडले तर लहानपणापासून तीव्र लठ्ठपणा येतो, कारण भूक आवरणारी संप्रेरकेही याच एंझाइमच्या कापणीतून तयार होतात.

फ्युरिन आणि तिचे भाईबंद

इन्शुलिनवरची कन्व्हर्टेजे ज्या कुटुंबातली, त्यात नऊ एंझाइमे आहेत. त्यांचा माग यीस्टमधल्या केक्स-२ या एंझाइममुळे लागला. फ्युरिन जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. विषाणू त्याचा फायदा घेतात: कोविड-१९ च्या विषाणूचे काटे, इबोलाचे आवरण-प्रथिन, बर्ड फ्लूच्या घातक प्रकारांचे हिमॅग्लुटिनिन ही सारी फ्युरिनकडून कापून घेतात. ॲंथ्रॅक्स आणि घटसर्पाचे विषही. मग फ्युरिनच अडवावे असे वाटणे साहजिक आहे, पण फ्युरिन नसलेले उंदीर गर्भातच मरतात. कोविडमध्ये दुसरे सक्रियक एंझाइम टीएमपीआरएसएस-२ रोखणारे कॅमोस्टॅट हे औषध रुग्णालयातील रुग्णांना दिले गेले, पण त्याचा लाभ दिसला नाही.

कॅस्पेज एंझाइमांकडून होणारा पेशीमृत्यू आणि कर्करोगातली बेफाम कायनेजे हे स्वतंत्र नोंदींचे विषय आहेत. त्यांपैकी एका कायनेजला रोखणारे इमॅटिनिब २००१ मध्ये मान्य झाले आणि एका प्रकारच्या रक्तकर्करोगाचे रुग्ण गोळीवर वर्षानुवर्षे जगू लागले.

एंझाइमे अडवणारे रेणू घडवणे हे रसायनशास्त्राचे काम आहे आणि बडोद्यात त्याची परंपरा जुनी आहे. कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था १८९० मध्ये सुरू झाली. तिथे रसायन शिकवणारे त्रिभुवनदास गज्जर यांनी कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह १९०७ मध्ये अलेंबिक ही औषध कंपनी उभी केली.

फ्युरिनच्या नऊ जणांच्या कुटुंबातले पीसीएसके-९ मात्र वेगळे निघाले. ते फक्त स्वतःलाच कापते आणि मग यकृतावरच्या, रक्तातले एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) टिपून घेणाऱ्या एलडीएल-ग्राहकांना चिकटून त्यांचा नाश करवते. त्यामुळे रक्तात कोलेस्टेरॉल साठते. २००३ मध्ये फ्रेंच कुटुंबांत त्याचा अतिरेक आढळला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या अभ्यासात उलटा प्रकार दिसला: ज्यांच्यात त्याची एक प्रत निकामी होती त्यांचे एलडीएल २८ टक्क्यांनी आणि हृदयधमनीविकार ८८ टक्क्यांनी कमी होता. एवढे एंझाइम कमी असूनही ही माणसे धडधाकट होती. त्याला अडवणारी अलिरोक्युमॅब आणि इव्होलोक्युमॅब ही प्रतिपिंडे २०१५ मध्ये मान्य झाली. पुढे आलेले इन्क्लिसिरॅन यकृतात हे प्रथिन तयारच होऊ देत नाही. त्याची इंजेक्शने पहिल्या दोन मात्रांनंतर सहा-सहा महिन्यांनी घ्यावी लागतात.