क्वारंटाइन वेगळं, आयसोलेशन वेगळं: जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत कॉलेजला येणाऱ्यांसाठी

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, नव्या विद्यार्थ्याचे सगळे विषय ऑनलाइन असतील तर त्याला अमेरिकेत येताच येत नव्हतं. त्यामुळे जानेवारी २०२१ मध्ये जी मुलं येणार होती त्यांना निदान एखाद्या वर्गासाठी कॅम्पसवर जावंच लागणार होतं. त्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या प्रश्नांत एकच घोळ इतक्यांदा दिसतो की तो एकदा नीट निस्तरून ठेवते. क्वारंटाइन म्हणजे सौम्य बंदी आणि आयसोलेशन म्हणजे कडक बंदी, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. तसं अजिबात नाही.

क्वारंटाइन काय ते मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगायला नको. मार्च २०२० मध्ये परदेशाहून आलेल्यांच्या हातावर शिक्के मारले, तेव्हापासून ते घराघरांत माहीत आहे. संपर्क आला आहे, लागण झाली की नाही ते ठरायचं आहे, तोवर वेगळं राहायचं. ज्याची लागण ठरली, तो आयसोलेशनमध्ये. डबा दाराबाहेर, वर्ग झूमवर, खोलीत कुणी यायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. त्यात वेळ घालवत नाही. फक्त दोन्हींची बेरीज करू नका. ऑगस्ट २०२० मध्ये चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १० तारखेला वर्ग सुरू केले आणि १७ तारखेला पदवीचे वर्ग ऑनलाइन नेत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी आयसोलेशनमध्ये १७७ आणि क्वारंटाइनमध्ये ३४९ विद्यार्थी होते. याला कुणी ‘सव्वापाचशे मुलांना कोरोना’ म्हटलं की मला राग येतो. त्या ३४९ जणांतल्या बहुतेकांना काय झालं होतं, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरी गोची आहे ती दिवस कुठून मोजायचे याची. तेव्हाच्या नियमांप्रमाणे आयसोलेशनचे दिवस लक्षणं सुरू झाल्यापासून मोजत, लक्षणं नसतील तर टेस्टच्या तारखेपासून. दहा दिवस, शेवटचे चोवीस तास औषधाविना ताप नको आणि बाकीची लक्षणं उतरणीला लागलेली हवीत. क्वारंटाइनचे दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजत आणि ते मुळात चौदा असत, कारण विषाणू अंगात गेल्यावर लक्षणं दिसायला तेवढाही वेळ लागू शकतो.

त्याच नियमांनी तारखा घालून बघा. रूममेटला सोमवारी, ४ जानेवारीला खोकला सुरू झाला. बुधवारी, ६ तारखेला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि त्याला दुसऱ्या इमारतीत हलवलं. त्याचा शून्य दिवस, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते तो दिवस, ४ तारीख. १४ ला दहा दिवस भरतात, १५ ला तो मोकळा. तुमचा शून्य दिवस ६ तारीख. चौदा दिवस २० ला भरतात, २१ ला तुम्ही मोकळे. आजारी पडलेला आधी बाहेर आणि धडधाकट असलेला नंतर! यावर ‘हा कुठला न्याय?’ म्हणून घरून फोन येतात. त्यात अन्याय काही नाही. त्याचा आजार कुठवर आलाय ते माहीत आहे, तुमचा सुरू झालाय का तेच माहीत नाही.

आता अशीच चार मुलं अपार्टमेंटमध्ये राहत असतील, स्वयंपाकघर एक, बाथरूम एक, आणि आजारी मुलाला वेगळं ठेवायला जागाच नसेल, तर संपर्क रोज चालूच राहतो. मग बाकीच्यांचे चौदा दिवस त्याचं आयसोलेशन संपल्यावर, म्हणजे १४ तारखेपासून सुरू होतात आणि २८ ला संपतात. मध्येच दुसरा कुणी पॉझिटिव्ह निघाला की उरलेल्यांचं मोजणं पुन्हा पहिल्यापासून. आपली बहुतेक मुलं अशाच घरांत राहतात, म्हणून हे घर ठरवण्याआधीच कळायला हवं.

दुसरा हट्ट निगेटिव्ह रिपोर्टचा. संपर्कानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणून मुलं सरळ ग्रोसरीला निघतात. त्या रिपोर्टने त्या दिवसापुरतंच कळतं. सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, २ डिसेंबर २०२० ला चौदाऐवजी दहा दिवसांची, किंवा पाचव्या दिवशी वा त्यानंतर केलेली टेस्ट निगेटिव्ह असेल तर सात दिवसांची मुभा दिली होती. तुमचं विद्यापीठ ती देतं का ते विचारायला हवं होतं. मी तरी चौदाच पाळायला सांगत होते, खासकरून घरात कुणाला दमा किंवा मधुमेह असेल तर. आयसोलेशनमध्ये नेमकं उलट. दहा दिवस झाले, ताप नाही, तरी ‘निगेटिव्ह आल्याशिवाय बाहेर पडू नकोस’ असं आई बजावते. बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकते; विषाणूचे निर्जीव अवशेष सापडत राहतात. भारतातही मे २०२० पासून सौम्य रुग्णाला ताप नसेल तर दहा दिवसांनी पुन्हा टेस्ट न करता घरी सोडत. म्हणजे क्वारंटाइनमधून घाईच्या निगेटिव्हने सुटका नाही आणि आयसोलेशनमधून सुटायला निगेटिव्ह लागत नाही.

खोल्यांचंही असंच उलटं. दोन पॉझिटिव्ह मुलं एका खोलीत ठेवली तर चालतात. क्वारंटाइनमधली दोन मुलं एकत्र ठेवणं मात्र चूक, कारण एकाला लागण असेल आणि दुसऱ्याला नसेल तर त्या दुसऱ्याला ती आपणच दिली. हॉस्टेलचा फॉर्म भरण्याआधी हाउसिंग ऑफिसला ईमेल करून विचारा: क्वारंटाइनमधल्या मुलाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र बाथरूम मिळतं का, जेवणात शाकाहारी काय असतं, आणि सुटकेची तारीख कोण ठरवतं. ती तारीख तोंडी घेऊ नका. शून्य दिवस कोणता धरला, हे त्यात लिहिलेलं असायला हवं.