डावपेचांतील चुका, सायकल शर्यतींतील
व्यावसायिक रस्ता-सायकल शर्यतींत पायात बळ असूनही अंतर, वेळ किंवा प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखण्यात झालेली गफलत. तिचे मूळ हवेच्या रोधात आहे. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला धरून चालविल्यास श्रम बरेच वाचतात, त्यामुळे वारा अंगावर कोणी घ्यायचा यावर सारी घासाघीस चालते.

ब्रेकअवेला, म्हणजे पुढे निसटलेल्या स्वारांच्या गटाला, मुख्य जथा, म्हणजे पेलोटॉन, कोठे गाठेल यासाठी ‘शापात नियम’ वापरतात : जथा नेटाने मागे लागल्यास दर १० किमी.मागे एक मिनिट भरून निघते. सायकलपटू व पुढे दूरचित्रवाणी समालोचक झालेले रोबेर शापात (१९२१–९७) यांचे नाव त्याला आहे. त्यांनी तो रूढ केला हे म्हणणे सयुक्तिक. मूळ आडाखा संघव्यवस्थापकांच्या व्यवहारातला असावा. फ्रेंचमध्ये त्याला प्रमेयही म्हणतात, पण तो ठोकताळाच होय. जथा ताशी ४५ किमी. वेगाने १० किमी. अंतर १३ मि. २० से.त कापतो, मिनिट गमावणारा निसटलेला स्वार तेव्हा ताशी सुमारे ४२ किमी.ने जात असतो. म्हणजे फरक जेमतेम ताशी ३ किमी.चा. शिवाय पाठलाग कोणीतरी करणार, हे नियमात गृहीतच आहे.

ते गृहीतक टोकियो ऑलिंपिकच्या महिला शर्यतीत (२५ जुलै २०२१) कोसळले. व्यावसायिक संघाचा करार नसलेल्या, गणितज्ञ असलेल्या ऑस्ट्रियाच्या आना कीझनहोफर सुरुवातीलाच पाच जणींच्या गटात निसटल्या आणि शेवटचे सुमारे ४० किमी. एकट्या चालल्या. अखेरच्या टप्प्यात त्याच गटातील प्लिख्टा व शापिरा यांना जथ्याने गाठताच पुढे कोणी उरले नाही, असा अनेकींचा समज झाला. नेदरलँड्सच्या आनेमीक फान फ्लोइटन यांनी रेषा ओलांडताना हात उंचावले. प्रत्यक्षात त्या ७५ सेकंद मागे, दुसऱ्या होत्या. ऑलिंपिकमध्ये स्वारांना संघाशी बोलण्याचा रेडिओ नसतो, हे कारण पुढे केले जाते. ते खरे असले तरी अपुरे वाटते : डच संघ बलाढ्य म्हणून इतरांनी पाठलागाचा भार त्यांच्यावरच टाकला होता.

मुद्दाम दिलेली ढीलही अंगलट येते. १९५६ च्या तूर द फ्रान्समध्ये लोरियाँ–आँजे टप्प्यात ३१ जणांचा गट १८ मिनिटांहून अधिक आधी पोहोचला. त्यातले रोजे वाल्कोवियाक एकही टप्पा न जिंकता अखेर विजेते ठरले. २००६ मध्ये ओस्कार पेरेइरो यांना अशीच सुमारे ३० मिनिटे मिळाली.

अंतिम रेषेवरील चूक क्षणाची असते. तेथे हात ताठ करून सायकल पुढे झोकायची असते. विजय साजरा करण्यासाठी हात सोडले की तेवढे चाक मागे राहते. मिलान–सान रेमो (२००४) या शर्यतीत एरिक त्साबेल यांना ओस्कार फ्रेइरे यांनी असेच गाठले. लिएज–बास्तोन–लिएज (२०२०) मध्ये झुलियाँ आलाफिलिप यांना प्रिमोझ रोग्लिच यांनी मागे टाकले. शिवाय वाट सोडून आडवे आल्याबद्दल आलाफिलिप यांना पाचवे स्थान देण्यात आले.