खरचटणं, प्रतिकारशक्ती आणि सोरायसिस : पार्श्वभूमी

सोरायसिस म्हणजे कातडीवर लाल, जाड, खपल्यांचे चट्टे आणणारा रोग. त्याचा नवा चट्टा उठला की खान्देशातल्या घरांत पहिला संशय ताटावर जातो. वांगं बंद, आंबट बंद, ऐन भरिताच्या दिवसांत पथ्य सुरू. वांग्याने सोरायसिस वाढतो याला भक्कम पुरावा नाही. ज्याला दीडशे वर्षांचा पुरावा आहे, ते मात्र सहसा कुणी विचारत नाही : दोन-तीन आठवड्यांपूर्वी त्या जागी काही लागलं होतं का?

१८७२ मध्ये एका जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने एका रुग्णाची हकीकत मांडली. घोडा चावला तिथे, गोंदवून घेतलं तिथे, ओरखडे उठले तिथे सोरायसिसचे चट्टे आले होते. याला आजही त्याच्याच नावाने कोबनर प्रतिसाद म्हणतात. चट्टा बहुधा १० ते २० दिवसांत उठतो आणि जखमेचाच आकार घेतो. ओरखडा सरळ रेषेत असेल तर चट्टाही रेषेत.

त्यानंतरची शंभर वर्षं हे निरीक्षण पुस्तकात राहिलं, पण त्याचा अर्थ लागला नाही. सोरायसिस म्हणजे कातडीच्या पेशींचा बेफाम वेग, अशीच समजूत होती. पेशी तळापासून वर येऊन झडायला साधारण महिना लागतो, सोरायसिसमध्ये ते काम आठवड्याच्या आत उरकतं. १९७९ मध्ये ही समजूत हलली. सोरायसिससोबत सांधे धरलेल्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं, तेव्हा त्यांचे चट्टेही ओसरले. हे औषध टी-पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, दाबतं. म्हणजे वेग कातडीत दिसत असला, तरी हुकूम प्रतिकारशक्तीकडून येतो, असं मानणारा गट उभा राहिला.

आधी कातडी की आधी प्रतिकारशक्ती, हा वाद अजून मिटलेला नाही. टी-पेशींच्या बाजूचा मोठा पुरावा २००४ चा. सोरायसिसच्या रुग्णाची दिसायला निरोगी असलेली कातडी उंदरावर लावली. रुग्णाच्या रक्ताचा पुरवठा तुटलेला असूनही तिच्यावर सोरायसिस उमटला, कारण कातडीतच मुक्कामाला असलेल्या टी-पेशी वाढल्या. त्यांना अडवल्यावर रोगही अडला. पुढच्याच वर्षी उलट बाजूचा पुरावा आला. उंदरांच्या कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींमधली दोन नियंत्रक जनुकं बंद केली, तर सोरायसिससारखे चट्टे उठले आणि टी-पेशी नसलेल्या उंदरांतही ते उठले. उंदराची कातडी माणसासारखी नाही, त्यामुळे दोन्ही गटांना एकमेकांचा पुरावा पुरेसा वाटला नाही. औषधांचं यश मात्र टी-पेशींच्या पारड्यात पडलं. टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३, इंटरल्यूकिन-१७ या, प्रतिकारशक्तीच्या पेशींचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांना रोखणारी इंजेक्शनं एकापाठोपाठ आली, चट्टे खरोखर साफ होऊ लागले आणि जखमेचा प्रश्न मागे पडला. हे नुकसानच झालं. कारण या दोन बाजूंना जोडणारा दुवा जखमच आहे.

तो दुवा २००७ मध्ये नीट दिसला. कातडी खरचटली की तिच्या पेशी एलएल-३७ नावाचं जंतुनाशक प्रथिन सोडतात. फुटलेल्या पेशींचा डीएनए त्याला चिकटतो. एरवी स्वतःच्या डीएनएकडे दुर्लक्ष करणाऱ्या विशिष्ट डेंड्रायटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी) ही जोडी आत घेतात, तिला विषाणू समजतात आणि इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडतात. त्याने दुसऱ्या डेंड्रायटिक पेशी जाग्या होऊन इंटरल्यूकिन-२३ देतात. त्यावर पोसलेल्या टी-पेशी इंटरल्यूकिन-१७ आणि २२ सोडतात. कातडी भराभर वाढते आणि आणखी एलएल-३७ बनवते. निरोगी माणसातही खरचटल्यावर याच डेंड्रायटिक पेशी येतात आणि जखम भरायला मदत करतात, पण काही दिवसांत शांत होतात. सोरायसिसमध्ये हे चक्र बंद पडत नाही.

किती रुग्णांत हा प्रतिसाद दिसतो? आकडे ११ पासून ७५ टक्क्यांपर्यंत आहेत. साधारण चौथा हिस्सा असं सांगितलं जातं. फरक पद्धतीचा आहे : रुग्णाला नुसतं विचारलं तर बारीक खरचटणी आठवत नाहीत, आणि मुद्दाम चिकटपट्टीने कातडी सोलून तपासलं तर रोग त्या वेळी भडकलेला आहे की शांत, यावर निकाल ठरतो.

इकडच्या कामांत अशा जखमांना तोटा नाही. कापूस वेचताना बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडा आणि बोटांची पेरं खरवडतात. परकराची नाडी आणि पट्टा कमरेवर घासतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. थोडं ऊन चट्ट्याला मानवतं, पण कातडी भाजली की तीही जखमच. सातपुड्याकडचं गोंदणही त्यातच येतं. सर्वांत वाईट म्हणजे चट्ट्यावर बिब्बा लावणं : फोड येतात, साल निघते आणि चट्टा रुंदावतो. वजरीने खपले घासणंही तसंच. खपला उपटला की खाली बारीक रक्ताचे ठिपके दिसतात, कारण वर ताणून आलेल्या केशवाहिन्यांवरचा थर अगदी पातळ झालेला असतो.

खपले काढायचेच तर आधी कोमट पाण्याने भिजवावेत, मग सॅलिसिलिक ॲसिडचं मलम किंवा पेट्रोलियम जेली लावून मऊ करावेत आणि आपसूक सुटतील तेवढेच पुसावेत. खरचटलं तर जागा साध्या पाण्याने धुवावी, जेली लावून झाकावी, खपली ओढू नये. मग तीन आठवडे तिच्यावर लक्ष ठेवावं. लाल, जाड कड दिसली तर डॉक्टरांना लगेच दाखवावी. मेडिकलवरून परस्पर आणलेली स्टेरॉइडची ट्यूब लावू नये. अशी १४ बाह्य स्टेरॉइडं २०१८ पासून चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. ती जास्त दिवस लावली तर कातडी पातळ होते, सहज फाटते, आणि नवी जखम तयार.

चट्टा गेल्यावरही काही टी-पेशी त्याच जागी राहतात. म्हणून रोग पुन्हा उठतो तेव्हा बरेचदा जुन्याच जागी उठतो. कोपर, गुडघे, कंबर साफ झाल्यावरही वेचणीला जाताना पूर्ण बाहीचा सुती सदरा आणि हातमोजे घालावेत, नाडीखाली मऊ कापड घ्यावं. ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला सोरायसिस आधीच सांगावा, म्हणजे रोग शांत असतानाची तारीख धरता येते.