निर्यातीतील जोखीम-नियोजन

निर्यातीतील जोखीम-नियोजन : युद्ध, आर्थिक निर्बंध, आयात शुल्कातील फेरफार, चलनाची पडझड आणि सरकारी बंदी यांमुळे परदेशी चाललेला माल किंवा त्याचे पैसे अडकू नयेत, यासाठी निर्यातदाराने आधीपासून केलेली तयारी. पुढे काय घडेल हे नेमके कोणालाच सांगता येत नाही. मात्र काही घडलेच तर कोणत्या दिवसापर्यंतचा तोटा कोणाच्या अंगावर पडेल, हे माल निघण्याआधी ठरवून घेता येते आणि या तयारीतले बहुतेक काम तेच असते.

नाशिकहून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांवर हे सगळे स्वच्छ दिसते. निर्यातीच्या बहुतेक बागांची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि तिथून साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. म्हणजे कात्री चालते तेव्हा फेब्रुवारीतल्या समुद्राचा अंदाज कोणाकडेच नसतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि डिसेंबरच्या मध्यापासून मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझचा मार्ग सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालायला सुरुवात केली. तोवर छाटण्या उरकल्या होत्या, घड धरले होते. न्हावा शेवाहून नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदरात जाणाऱ्या कंटेनरचा प्रवास सुमारे दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडेही कडाडले.

दोन आठवडे म्हणजे काय, हे द्राक्षाच्या देठाकडे पाहून कळते. पॅकहाउसमध्ये माल शून्य अंशाच्या आसपास थंड केलेला असतो, खोक्यात सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद घातलेला असतो, तरी दिवस वाढले की हिरवा देठ तपकिरी पडू लागतो आणि मणी सुटतात. तिकडचा खरेदीदार खोके उघडल्यावर आधी देठच पाहतो. त्या हंगामात दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना ही अडचण आली नाही, कारण त्यांचा युरोपचा रस्ता सुएझमधून जातच नाही. आपल्या मार्गासोबत प्रतिस्पर्ध्याचा मार्गही नकाशावर पाहावा लागतो, तो यासाठी. लांबच्या वाटेसाठी टणक, टिकाऊ माल वेगळा काढणे, काढणीनंतर शीतकरणात तासाचाही उशीर न करणे, कंटेनरमध्ये तापमान नोंदणारे यंत्र ठेवणे आणि बागांच्या छाटण्या टप्प्याटप्प्याने ठेवून सगळा माल एकाच आठवड्याच्या बोटीवर न लादणे, एवढे मात्र आपल्या हातात असते.

विम्याबाबत गैरसमज फार आहेत आणि ते महागात पडतात. सागरी मालविम्याच्या नेहमीच्या कलमांत युद्धाची जोखीम वगळलेली असते. ते संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि विमा कंपनी सर्वसाधारणपणे सात दिवसांच्या नोटिशीवर ते काढून घेऊ शकते. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे निव्वळ उशिरामुळे झालेले नुकसान या कलमांत बसत नाही. बोट सुखरूप पोचली पण द्राक्षे वाटेत जुनी झाली, तर तो तोटा पुष्कळदा बागायतदार आणि निर्यातदार यांच्यातच वाटला जातो. सीआयएफ अटीवर (किमतीत विमा आणि बोटीचे भाडेही धरून) विक्री असेल तर माल बोटीवर चढताच त्याची जोखीम खरेदीदाराकडे जाते, पण भाडे विक्रेत्यालाच भरायचे असते. त्यामुळे करारानंतर भाडे दुप्पट झाले तर तो भार निर्यातदारावर येतो. एफओबीमध्ये, म्हणजे बोटीचे भाडे खरेदीदाराने भरायच्या अटीत, तो खरेदीदारावर पडतो. शिवाय द्राक्षे पुष्कळदा ठरीव भावाने न जाता तिकडे विकल्यावर हिशेब होतो आणि अशा व्यवहारात या अटींचा आधारही तोकडाच ठरतो. वाढीव भाडे कोणी भरायचे, यावर करारात एक स्वतंत्र ओळ असायलाच हवी.

‘जागतिक घडामोडी’ म्हटले की नजर परदेशाकडे जाते. कांदा निर्यातदाराला मात्र सर्वांत मोठे हादरे दिल्लीतून बसले आहेत. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरले आणि ८ डिसेंबरपासून सरसकट बंदी लागू झाली. ४ मे २०२४ रोजी, लोकसभेची निवडणूक चालू असताना, बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलेच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. याआधी २०१९ आणि २०२० मध्येही सप्टेंबरातच बंदी आली होती. चाळीतला उन्हाळ कांदा संपत येतो, नवा लाल कांदा अजून बाजारात पुरेसा आलेला नसतो आणि शहरांत भाव चढतात, असा तो काळ. ऑगस्ट ते डिसेंबरच्या कांदा करारांत सरकारी निर्बंधाचे कलम न घालणे ही माझ्या मते चूकच आहे.

बंदीच्या वेळी कोणता माल वाचतो, हे अधिसूचनेतल्या बारीक मजकुरावर ठरते. १३ मे २०२२ च्या गहूबंदीत त्या तारखेपर्यंत उघडलेले अपरिवर्तनीय पतपत्र (पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची मागे न घेता येणारी हमी) असलेल्यांना माल पाठवता आला. डिसेंबर २०२३ च्या कांदाबंदीत सूट मिळाली ती चढवणे सुरू झालेल्या मालाला, शिपिंग बिल (सीमाशुल्क खात्याकडे भरायचा निर्यातीचा अर्ज) भरलेले असून बोट बंदरात आलेल्या मालाला आणि सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेलेल्या मालाला. तिथे पतपत्रापेक्षा माल कुठे उभा आहे याला महत्त्व होते. भावाची कुजबुज सुरू झाली की कागद आणि कंटेनर एकाच वेळी पुढे सरकवावे लागतात. दरम्यान बांगलादेश, मलेशिया, श्रीलंका, संयुक्त अरब अमिरात इथले खरेदीदार पाकिस्तान, चीन, इजिप्तच्या कांद्याकडे वळतात आणि बंदी उठली तरी गेलेले गिऱ्हाईक लगेच परतत नाही.

एकाच देशावर भिस्त ठेवण्याचा धोका २०२५ मध्ये दिसला. अमेरिकेने ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून रशियन तेलखरेदीचे कारण देऊन आणखी २५ टक्के शुल्क लावले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रातील दागिने घडवणाऱ्यांची मोठी गिऱ्हाईके अमेरिकेतच असल्याने त्यांना हा घाव थेट बसला. नवी बाजारपेठ उभी करायला वर्षे लागतात. आयात शुल्क कमी करणाऱ्या व्यापार करारांचा उपयोग इथे होतो : अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून आणि ऑस्ट्रेलियाशी झालेला २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे.

पैशाच्या बाजूला दोन साधने सर्वांना ठाऊक असतात. खरेदीदार किंवा त्याचा देश पैसे देऊ शकला नाही तर १९५७ मध्ये स्थापन झालेल्या ईसीजीसी या निर्यात पतविमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी कामी येते. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जफेड थांबवली, तसे प्रसंग याच जोखमीत मोडतात. डॉलरचा भाव आधी बांधण्यासाठी बँकेशी फॉरवर्ड करार करतात. मात्र बंदीमुळे माल गेलाच नाही तरी तो करार सुटत नाही. तो मोडताना भाव विरुद्ध गेलेला असेल तर फरक खिशातून भरावा लागतो. म्हणून बंदीची शक्यता असलेल्या मालात अपेक्षित डॉलरांपैकी काही भागच आधी बांधावा आणि उरलेला, माल बोटीवर चढून बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) हातात आल्यावर.