पी. जे. हार्वी यांची गाणी आत्मचरित्र नव्हेत

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात वाढलेल्या गायिका-गीतकार पॉली जीन हार्वी यांच्याविषयी एक समज 1990च्या दशकापासून टिकून आहे: त्यांची गाणी म्हणजे त्यांच्याच दुखावलेल्या आयुष्याची कबुली. हा समज चुकीचा आहे, आणि एका मोठ्या कलावतीवर अन्याय करणाराही आहे.

1995 सालचे ‘डाउन बाय द वॉटर’ हे त्याचे ठळक उदाहरण. या गाण्यातली स्त्री आपल्या मुलीला पाण्यात बुडवते. त्यावरून काहींनी ही हार्वी यांचीच हकिगत मानली आणि असा शब्दशः अर्थ लावला जातो याबद्दल त्यांना स्वतः मुलाखतीत आश्चर्य व्यक्त करावे लागले. वास्तविक अशा बुडालेल्या मुली आणि अपराधी माता जुन्या लोकगीतांत पुष्कळ सापडतात, आणि या गाण्याच्या शेवटची कुजबुज तर ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतप्रकारातल्या एका जुन्या गीताची आठवण करून देते.

2011च्या ‘लेट इंग्लंड शेक’ या अल्बममध्ये पहिल्या महायुद्धातील गॅलिपोलीच्या रणभूमीवरील सैनिक बोलतात. त्यासाठी हार्वी यांनी दीर्घकाळ वाचन केले, शब्द आधी लिहिले, चाली नंतर बांधल्या आणि डॉर्सेटमधल्याच एका चर्चमध्ये ध्वनिमुद्रण केले. याच अल्बममुळे वर्षातील सर्वोत्तम अल्बमसाठीचा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्या कलावंत ठरल्या. पहिला 2001 साली मिळाला होता. पहिल्या महायुद्धात हार्वी नव्हत्या, हे कोणालाही सांगावे लागले नाही. मग आधीच्या गाण्यांतल्या स्त्रियांनाच तेवढे हार्वी का समजावे?