लाइट ड्युटीवर सही करण्याआधी: जखमी कामगार, ईएसआय आणि कामावर परत येण्याची कागदपत्रं

फाउंड्रीच्या फेटलिंगमध्ये (ओतीव भाग घासून साफ करतात तिथं) ग्राइंडर चालवणाऱ्याचं बोट फ्रॅक्चर होतं, प्लास्टर चढतं आणि चौथ्या दिवशी सुपरवायझरचा फोन येतो: "घरात बसून काय करतोयस? ये की, टाइम ऑफिसला बस, हजेरी तरी लागंल." शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत हा फोन ओळखीचा आहे. बोलावणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण त्या एका हजेरीनं काय काय बदलतं, हे दोघांनाही ठाऊक नसतं.

लाइट ड्युटी म्हणजे जखम बरी होईपर्यंत दिलेलं हलकं काम. त्यासाठी ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, वेगळा अर्ज नाही. ती मालक आणि कामगारानं आपसात ठरवायची गोष्ट. कायदा ओळखतो ते 'तात्पुरतं अपंगत्व', म्हणजे अपघाताच्या वेळी माणूस जे काम करत होता तेच काम उपचार चालू असताना करता न येणं. यातला 'तेच' शब्द अधोरेखित करून ठेवा. ग्राइंडर धरता येत नाही पण रजिस्टर लिहिता येतं, एवढ्यानं अपंगत्व संपत नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालू असेपर्यंत हलक्या कामाला नम्रपणे नाही म्हणता येतं, आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळत असताना मालक कामगाराला कामावरून काढू शकत नाही.

कोण पात्र

दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार (दिव्यांगांसाठी २५,०००). ठेकेदाराकडचा हेल्परही यात येतो. आजारपणाच्या लाभाला वर्गणीचे ७८ दिवस भरावे लागतात, कामावरच्या दुखापतीला अशी अट नाही. कामावर लागल्याच्या पहिल्याच दिवशी यंत्रात हात सापडला तरी हक्क आहे. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही धरला जातो, फक्त वेळ, रस्ता आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो. शिरोली नाक्यावर गाडीनं उडवलं असेल तर पोलीस पंचनामा आणि त्या दिवसाची शिफ्ट दाखवणारा कागद हवाच. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलं नाही, तर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते.

कागद

सगळ्यात आधी अपघात नोंदवहीतली नोंद. तोंडी सांगून भागत नाही. त्यानंतर मालकानं फॉर्म १२ मधला अपघात अहवाल २४ तासांत द्यायचा, गंभीर दुखापत असेल तर लगेच. त्याची प्रत मागून घ्या. ई-पेहचान कार्ड (ईएसआयचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुक, ईएसआय डॉक्टरांची सर्टिफिकेटं आणि लाभाच्या मागणीचा फॉर्म ९ एवढं ईएसआयच्या शाखा कार्यालयात लागतं. पहिले उपचार खाजगी दवाखान्यात झाले असतील तर तिथले एक्स-रे आणि केसपेपर फेकू नका.

काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी जखमीला खुर्चीत बसवतात, कारण अपघाताची नोंदच नको असते. मला राग येतो तो याचा. नोंद नाही म्हणजे पुढे बोट वाकेनासं झालं तर ते कारखान्यातच दुखावलं होतं हे कुणी मानत नाही.

कायद्याचं नावही आता बदललंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकातले कलमांचे आकडे सांगत बसू नका, मुद्दा सांगा.

हलकं काम घ्यायचं ठरलंच तर

ज्या दिवशी काम करून पगार घेतला, त्या दिवसाचा ईएसआयचा लाभ मिळत नाही. दोन्हीकडून घेतलं तर पैसे परत भरावे लागतात, खटलाही होऊ शकतो. हिशेब सोपा आहे: रोज ६०० रुपये असलेल्याला घरी राहून ५४० मिळतात. लाइट ड्युटीवर मालक पूर्ण ६०० देत असेल तर ठीक. 'हलकं काम म्हणून ४००' असं म्हणत असेल, तर तो सौदा तोट्याचा.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डॉक्टरांना प्रत्यक्ष काम सांगा, नुसतं 'फाउंड्रीत आहे' नको. त्यांच्याकडून फिटनेस आणि काय टाळायचं ते लिहून घ्या. मग कंपनीचं पत्र, साधारण असं: "दि. … ते दि. … या काळात आपणास फेटलिंगऐवजी गेज रूममध्ये नोंदीचे काम देण्यात येत आहे. उजव्या हाताने वजन उचलावयाचे नाही. मूळ पद, वेतन व सेवाज्येष्ठता कायम राहील." शेवटची तारीख नसलेलं पत्र घेऊ नका. कामावर गेल्यावर दुखणं उलटलं तर लगेच त्याच डॉक्टरांकडे जाऊन त्याच अपघाताचा संदर्भ देऊन पुन्हा सर्टिफिकेट घ्या.

एक गोष्ट आपल्याकडे हमखास अडते. लाभ चालू असताना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उपचाराचा भाग सोडून जाता येत नाही. राधानगरीकडं भाताची लावण आहे म्हणून आठवडाभर गेलात, तर आधी विचारून जा. आणि प्लास्टरच्या हातानं चिखलात उतरू नका, हे सांगायला कायदा लागू नये.

ईएसआय नसेल तर

चार-पाच माणसांच्या लेथ वर्कशॉपमध्ये किंवा छोट्या यंत्रमागावर भरपाई मालकाकडून घ्यायची असते: दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. हलक्या कामाचा कमी पगार सुरू झाला, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकापेक्षा जास्त भरपाई मिळत नाही. मालक टाळत असेल तर सहायक कामगार आयुक्त कार्यालयात चौकशी करा. दाव्याची मुदत दोन वर्षं आहे.

बोट पूर्ववत झालंच नाही तर

तात्पुरता लाभ संपल्यावर शाखा कार्यालयात वैद्यकीय मंडळासाठी अर्ज द्या. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के घटली असं धरतात. वरच्याच ६०० रुपयेवाल्याला ५४० चे १४ टक्के, म्हणजे रोज ७५ रुपये ६० पैसे. ही रक्कम आयुष्यभर मिळते, आणि पूर्ण पगारावर काम करत असतानाही ती थांबत नाही.