समुद्र मोजायचा तो कोणत्या महिन्यात?

रत्नागिरी जिल्ह्यातील माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळपठारावर, जैतापूरचा अणुवीज प्रकल्प उभा राहिला, तर त्याच्या पायथ्याच्या समुद्राचे काय होईल, या प्रश्नाचा अधिकृत अभ्यास नागपूरच्या नेहरू मार्गावरील संस्थेने केला होता. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच आपली नीरी, १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली. पाणीपुरवठा, सांडपाणी आणि साथीचे रोग हे तिचे सुरुवातीचे विषय होते. १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले आणि पुढे देशभरातील मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरणीय आघात मूल्यांकन हे तिच्या कामाचे एक ठळक अंग बनले. जैतापूरचा अणुप्रकल्प आणि तमिळनाडूतील सेतुसमुद्रम जहाजमार्ग या दोन्ही सागरी प्रकल्पांचे अभ्यास तिनेच केले. समुद्रापासून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाइतक्या अंतरावर असलेल्या शहरात समुद्राचा हिशोब मांडला जातो, यात वावगे काही नाही. पाण्याचे नमुने, प्रवाहाच्या नोंदी आणि संगणकावरील प्रतिरूप कुठेही अभ्यासता येतात. अडचण निराळीच आहे. तो हिशोब कोणत्या दिवसांच्या नोंदींवर उभा आहे, हे फारसे कोणी विचारत नाही.

आधी प्रक्रिया थोडक्यात पाहू. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा असून त्याखाली मूल्यांकन सक्तीचे करणारी पहिली अधिसूचना जानेवारी १९९४ मध्ये आणि सध्याची १४ सप्टेंबर २००६ रोजी निघाली. प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो हे ठरवणे, कशाकशाचा अभ्यास करायचा याची कार्यकक्षा आखणे, लोकांचे म्हणणे ऐकणे आणि शेवटी तज्ज्ञ समितीने अहवाल पारखणे, असे तिचे चार टप्पे आहेत. जनसुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते, तिची किमान ३० दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी असतो आणि कामकाजाचे चित्रीकरण केले जाते. किनाऱ्यावरील प्रकल्पांना याखेरीज सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे, नियम लागू होतात. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचनांमधून आलेल्या या नियमांनुसार भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियंत्रणाखाली येतो. त्यात कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील गटात मोडतात. मोठ्या, म्हणजे १,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्राच्या, कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टाही राखावा लागतो. गावकऱ्यांचे आक्षेप आणि वर्तमानपत्रांतील बातम्या बहुधा या रेषांभोवतीच फिरतात, कारण रेषा नकाशावर दिसते आणि ती ओलांडली गेली की नाही हे बोट ठेवून दाखवता येते.

मूल्यांकनाचा खरा पाया मात्र अहवालातील ज्या प्रकरणाकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, त्यात असतो. प्रकल्पापूर्वीची स्थिती असे त्या प्रकरणाचे स्वरूप असते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, क्षारता किती, गाळ किती, तळाच्या चिखलात कोणते कृमी आणि शिंपले, जाळ्यात कोणते मासे किती, असे सारे तेथे तक्त्यांत मांडलेले असते. पुढचे प्रत्येक भाकीत या तक्त्यांपासून सुरू होते आणि प्रकल्पानंतर काही बिघडले की नाही याचा निवाडाही त्यांच्याशीच तुलना करून व्हायचा असतो. म्हणून हे तक्ते कोणत्या महिन्यांत भरले गेले, हा प्रश्न कारकुनी नाही.

आपल्याकडे अनेक प्रकल्पांसाठी पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती पुरेशी धरण्याची पद्धत रुळली आहे. हवेच्या बाबतीत या वगळण्यामागे तर्क आहे. पाऊस धूळ धुऊन नेतो, त्यामुळे कोरड्या ऋतूत हवेची सर्वांत वाईट स्थिती दिसते आणि ती गृहीत धरून आखणी केली की आपण सुरक्षित बाजूला राहतो. कोकणच्या समुद्राला तोच न्याय लावला की तर्क उलटा होतो. तेथे वर्षातील सर्वांत मोठ्या उलथापालथी जून ते सप्टेंबर या काळातच घडतात. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी उसळलेल्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेऊन थोड्या खोल पाण्यात तिचे बांध घालतात. वारा पडला, की आश्विन-कार्तिकापासून लांबट, शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे एकच किनारा फेब्रुवारीत रुंद व भरलेला आणि ऑगस्टमध्ये अरुंद व खरवडलेला दिसतो. याच चार महिन्यांत नद्यांचे गोडे पाणी खाड्यांतून लोटते, मुखाशी क्षारता एकदम उतरते आणि गाळाचे प्रमाण वाढते. अनेक माशांचा विणीचा हंगामही हाच आहे. राज्याच्या सागरी हद्दीत १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्याचे हेही एक कारण आहे. थोडक्यात, बोटी नांगरलेल्या आणि शास्त्रज्ञ घरी असतात, तेव्हा समुद्र आपले मुख्य काम करत असतो.

आपण विदर्भातल्यांनी हे परके समजण्याचे कारण नाही. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळच्या खसाळ्याचा राखेचा बांध मुसळधार पावसात फुटला आणि कोराडी वीजकेंद्राची राख आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत पसरली. त्या परिसरातील पाण्याची जानेवारीतली मोजणी कितीही काटेकोर असती, तरी तिच्यात हे दिसले नसते.

महिन्यांइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न वर्तुळाचा आहे. प्रकल्पाभोवती १० किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र अभ्यासायचे, हा सर्वसाधारण रिवाज आहे. चिमणीच्या धुरासाठी आणि रस्त्यांवरच्या धुळीसाठी तो बऱ्यापैकी चालतो, कारण अंतर वाढते तसा परिणाम विरळ होत जातो. वाळूचा परिणाम असा विरळ होत नाही. लाटा किनाऱ्याला तिरप्या येऊन आदळतात तेव्हा प्रत्येक लाट वाळूचा कण थोडा पुढे सरकवते आणि वर्षभरात किनाऱ्यालगत वाळूची एक नदीच वाहते. तिच्या वाटेत लाटारोधक भिंत उभी केली, की अलीकडच्या बाजूला वाळू साठते आणि पलीकडचा किनारा उपाशी राहतो. चेन्नईला हे शतकाहून अधिक काळ दिसते आहे. बंदराच्या भिंती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिल्या, तेथील वाळूचा ओघ बहुतांशी दक्षिणेकडून उत्तरेकडे असल्यामुळे दक्षिणेला मरीनाची चौपाटी रुंद होत गेली आणि उत्तरेकडील रोयापुरमचा किनारा समुद्राने खाल्ला. तेथे दगडी भिंत घातली, तर धूप आणखी उत्तरेला सरकते. पर्यटक मरीनाचे कौतुक करून परततात आणि उत्तरेच्या कोळीवस्त्यांत कोणी जात नाही, म्हणून बंदराचे अर्धेच फळ आपल्याला ठाऊक असते.

कोकणाची रचना वेगळी आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. तेथे भूशिरांमध्ये अडकलेल्या छोट्या पुळणी आहेत आणि वाळू बहुधा आपापल्या कोनाड्यातच फिरते, त्यामुळे चेन्नईचे उदाहरण जसेच्या तसे उचलून कोकणातील वाढवण बंदराला लावणे बरोबर नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणूजवळच्या वाढवण बंदराच्या आराखड्यात समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटारोधक भिंत आहे. भरावासाठी लागणारी वाळू दमणसमोरच्या समुद्रतळातून, सुमारे ५० किलोमीटरवरून, आणायची आहे. मुंबईहून उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जावे तशी भरती-ओहोटीतील तफावत वाढत जाते. डहाणूच्या टापूत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीचे पाणी आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगाच्या भरतीचे पाणी यांचे वागणे इतके भिन्न असते, की एका पंधरवड्याच्या आत दोन निराळे समुद्र दिसावेत. अशा ठिकाणी भिंतीमुळे वाळूपेक्षा बारीक गाळाची वाट बदलण्याचा प्रश्न अधिक मोठा असतो, कारण प्रवाह मंदावेल तेथे गाळ बसतो आणि खडकाळ तळावर चिखलाचा थर चढला, की तेथील शेवंडांसारखे कवचधारी जीव, कालवांच्या शिंपा आणि त्यांवर जगणाऱ्या बायकांची रोजची कमाई, सगळेच पालटते. वर्तुळ दहा किलोमीटरचे काढावे की गाळ आणि वाळू जेथवर जाते तेथवरचे, हा निर्णय खरे तर कार्यकक्षा आखतानाच व्हायला हवा. तेव्हा गावाला मात्र कोणी बोलावत नाही, गावाची पाळी अहवालाचा मसुदा तयार झाल्यावर येते.

संगणकी प्रतिरूपांविषयी लोकांच्या मनात दोन टोकांच्या समजुती आढळतात. काहींना ते विज्ञानाचा अंतिम शब्द वाटते, काहींना धूळफेक. प्रत्यक्षात समुद्राचे लहान चौकटींत विभाजन करून प्रत्येक चौकटीतील पाण्याची पातळी आणि वेग गतीच्या समीकरणांनी काढत जाणे, एवढेच ते असते. भरतीमुळे येणाऱ्या पाण्याचे भाकीत या पद्धतीने उत्तम जमते, कारण चंद्रसूर्याचे वेळापत्रक पक्के आहे. गाळाचे भाकीत पुष्कळ कच्चे राहते. गाळ किती वेगाने बसेल आणि किती वेगाच्या प्रवाहाने पुन्हा उठेल, हे आकडे त्याच जागी मोजून प्रतिरूपाला पुरवावे लागतात. मासळीचे भाकीत तर जवळपास नसतेच. जैतापूरच्या मूळ प्रस्तावात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या होत्या आणि त्यांना थंड करून परत सोडलेले पाणी समुद्राहून ५ अंश सेल्सिअसपर्यंत गरम असेल, असे गृहीत धरले गेले. हे गरम पाणी हलके असल्याने वर तरंगत कसे पसरेल, हे प्रतिरूप बऱ्यापैकी सांगते. परंतु पाणी आत खेचताना त्यासोबत गेलेली माशांची अंडी आणि पिल्ले किती मरतील, हे त्या समीकरणांत नाही. त्यासाठी विणीच्या हंगामात त्या जागी किती अंडी तरंगत होती, हे आधी मोजलेले असावे लागते, आणि आपण पुन्हा पावसाळ्याच्या महिन्यांपाशी येतो.

मग चांगली मोजणी कशी असते? परिस्थितीविज्ञानात त्याची एक साधी रीत मान्य आहे. प्रकल्पाच्या जागी आणि तिच्यासारख्याच, पण प्रकल्पाच्या प्रभावाबाहेरच्या एखाद्या जागी, अशा दोन्हीकडे प्रकल्पाच्या आधी काही वर्षे आणि नंतर काही वर्षे तेच मोजत राहायचे. बोंबलाची आवक एका वर्षी दुप्पट आणि दुसऱ्या वर्षी निम्मी होऊ शकते, त्यामागे पाऊस असेल, पाण्याचे तापमान असेल किंवा बाजूच्या तालुक्यातील ट्रॉलर असतील. दोन्ही ठिकाणी आवक सारखीच घटली, तर प्रकल्पाला दोष देता येत नाही, आणि फक्त प्रकल्पाजवळच घटली, तर तो नाकारता येत नाही. आधीची नोंद एकाच ऋतूची असेल आणि तुलनेची जागाच निवडलेली नसेल, तर पुढची प्रत्येक घट ‘नैसर्गिक चढउतार’ या खात्यात सहज जमा होते. माझ्या मते अपुऱ्या मोजणीचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे. तिच्यामुळे भाकीत चुकते हे खरेच, पण चुकले हे कधी सिद्धही करता येत नाही. गावकऱ्यांकडे अनुभव असतो, आकडा नसतो, आणि सुनावणीत आकड्यालाच ऐकले जाते.

डहाणूचाच इतिहास येथे उपयोगी पडतो आणि त्यातही नागपूर आहे. केंद्र सरकारने १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला होता. त्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नीरीला तालुक्याची पाहणी करून अहवाल देण्यास सांगितले आणि १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन करवले. मूळचे नागपूरच्या वकिली वर्तुळातील न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. परवानगी देऊन मोकळे न होता वर्षानुवर्षे त्याच जागेकडे पाहत राहणारी अशी यंत्रणा आपल्याकडे दुर्मीळ आहे. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील गंधकाचे प्रमाण घटवणारी यंत्रणा देशातील बहुतेक केंद्रांच्या कितीतरी आधी, २००७ मध्ये, बसली ती या प्राधिकरणाच्या पाठपुराव्यामुळे. वाढवणला बंदर करण्याचा आधीचा प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८ मध्ये फेटाळला आणि निराळ्या आराखड्याच्या आजच्या बंदराला जुलै २०२३ मध्ये अटींसह ना-हरकत दिली. जानेवारी २०२४ मध्ये जनसुनावणी झाली आणि पुढच्याच महिन्यात केंद्राची पर्यावरणीय मंजुरी आली. हजारो पानांचे अहवाल आणि शेकडो आक्षेप पारखायला हा अवधी पुरेसा होता असे मला वाटत नाही.

मंजुरीनंतर प्रकल्पधारकाने अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, सादर करायचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. वाढवणचे हे अहवाल वाचताना भरावाचे किती काम झाले यापेक्षा गाळ आणि तळजीव मोजण्याची ठिकाणे आधीच्या अहवालातीलच आहेत का, तुलनेची जागा कायम आहे का आणि जुलै-ऑगस्टच्या रकान्यात आकडे आहेत की रेघ, हे पाहावे लागेल. हेच वाचन कोराडीलाही लागू पडते. तेथील ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी मे २०२३ च्या उन्हात जनसुनावणी झाली होती, आणि त्या परिसरातल्या राखेचा प्रश्न उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याचा अधिक आहे.